पाठीमागे आपलाच माणूस

विद्यापीठाच्या मैदानावरील सराव शिबिराचा तो पहिला दिवस होता. सायंकाळचे साडेपाच वाजून गेले होते. पंधरा मुले धापा टाकत मैदानाच्या कडेला बसली असताना त्यांतील एक मुलगा हळूच उठला, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि प्रेक्षक बसण्याच्या पायऱ्यांमागे जाऊन घाईघाईने जेवू लागला. मेसचे जेवण साडेआठला होते. सूर्य मावळायला पाऊण तास उरला होता. दोन दशम्या, मेथीची कोरडी भाजी आणि मुगाची डाळ एवढेच डब्यात होते. परंतु ते इतरांच्या नजरेआड खावे लागत आहे, याचा संकोच त्या जेवणापेक्षा मोठा होता.

हा मुलगा बार्शीचा. घर भुसार मालाच्या व्यापाऱ्याचे. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी घरे आपल्या समाजात गावोगाव आहेत. आजोबांनी आडतीवर सुरुवात केली, वडिलांनी दुकान वाढवले, आणि मुलगा दहाव्या वर्षापासून शाळा सुटली की गल्ल्याशेजारी बसू लागला. तुरीचा भाव, पोत्यांची मोजणी, उधारीच्या वहीतील नावे हे सारे त्याला पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. त्याचे मित्रही त्याच बाजारातले होते. एकाच्या वडिलांकडे तेलाचे दुकान, दुसऱ्याच्या घरी कापडाची पेढी. मुले एकत्र खेळत. पण घरांचे आपसांत व्यवहार असल्याने भांडण झाले तरी ते बेताने करावे लागे. आजोबांनी लहानपणीच बजावले होते, "मित्राला उसने देऊ नये. द्यायचे असेल तर देऊन टाकावे आणि विसरावे. विसरता येत नसेल तर देऊ नये."

व्यापारी घरातील मुलाला माणसे पुष्कळ भेटतात. त्याला लोकांशी गोड बोलता येते, समोरच्याची ऐपत ओळखता येते, नाही म्हणायचे असेल तर ते हसत म्हणता येते. परंतु ज्याच्याशी देणेघेणे काहीच नाही अशा माणसाशी कसे वागावे, हे मात्र त्याला दुकानात शिकायला मिळत नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीसाठी तो पुण्यास आला, समाजाच्या वसतिगृहात राहिला, तेव्हाही त्याच्या खोलीतील तिघे व्यापाऱ्यांचेच मुलगे होते. गाव बदलले, पण बाजार बदलला नव्हता.

शाळेत तो खो-खो खेळला होता. बार्शी, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात हा खेळ शाळेच्या आवारातच रुजलेला आहे. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर निवड चाचणीची सूचना वाचून तो सहज गेला आणि संघात घेतला गेला. पुढचा मार्ग ठरलेला असतो. महाविद्यालयाचे संघ विभागीय स्पर्धेत खेळतात, विभागांचे संघ आंतरविभागीय स्पर्धेत, आणि तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ शिबिरासाठी एकत्र येतो व मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. तेथे पहिल्या चारांत आलेल्या संघांना अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. पहिल्या वर्षी त्याचे नाव यादीत आले नाही. दुसऱ्या वर्षी आले.

यादीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील मुले होती. हडपसरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा कर्णधार होता. शिरूरकडचे दोघे चुलतभाऊ होते. आणि सुरगाण्याच्या डोंगरातून आलेला एक कोकणा आदिवासी मुलगा होता, जो फारसे बोलत नसे. पण धावू लागला की प्रशिक्षक हातातील घड्याळाकडे पाहणे विसरत. द्राक्षांच्या हंगामात त्याचे आईवडील दिंडोरीकडे मजुरीस जात. शिबिरात खाटा वाटल्या गेल्या तेव्हा बार्शीच्या मुलाची खाट नेमकी त्याच्या शेजारी आली.

खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांस दोन खांब, मध्ये पाटीवर आठ चौक, आणि त्या चौकांत आठ आक्रमक एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले. नववा पाठलाग करतो. त्याला वाटेल तसे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत सोडता येत नाही. संरक्षक मात्र मोकळा असतो. हूल देतो, दोन गड्यांमधून पलीकडे निसटतो. त्याला पकडायचे तर पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचे आणि आपली धाव त्याच्या स्वाधीन करून त्याच्या जागी स्वतः बसायचे. बसलेल्याला मागे काय चालले आहे ते दिसत नाही. पाठीवर थाप पडण्यापूर्वी आणि 'खो' ऐकण्यापूर्वी तो उठला, तर तो नियमभंग. मैदानावरील सर्वांत वेगवान मुलगाही एकट्याने फार काही करू शकत नाही, अशी या खेळाची रचनाच आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याच्या नियमांची बांधणी हाती घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले. त्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. ज्या खेळाकडे आपल्याकडील घरांतून 'शाळेच्या पटांगणातला' म्हणून पाहिले जाते, त्याची मजल आता तेथवर गेली आहे.

बार्शीच्या मुलाचा दोष पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांच्या ध्यानी आला. तो मान किंचित वळवून मागे पाही आणि थाप पडायच्या आत उठे. पाय चांगले होते, सूर मारणे चांगले होते, पण हा एक दोष सगळ्यावर पाणी फिरवी. प्रशिक्षकांनी त्याला पंचवीस वेळा बसवले, पंचवीस वेळा उठवले. शेवटी वैतागून ते म्हणाले, "मागे कशाला बघतोस? मागे आपलाच माणूस आहे." गल्ल्यावर बसलेल्या मुलाला पाठीमागे डोळे ठेवण्याची सवय असते, मालाची गाडी उतरत असेल तर पोती मोजणाऱ्या नोकराकडेही अधूनमधून पाहावे लागते. ही सवय वाईट नव्हे, तिच्यावर दुकान चालते. मात्र खो-खोच्या पाटीवर तिचा उपयोग नव्हता.

पायऱ्यांमागचे जेवण तिसऱ्या दिवशी उघडकीस आले. कर्णधार पाण्याची बाटली शोधत तिकडे गेला आणि थबकला. "अरे, आमच्यापासून लपवून काय खातोस? काजूकतली आहे काय?" मुलाने अडखळत चोविहार, जमीनकंद, सूर्यास्त असे सगळे सांगितले. कर्णधाराने शांतपणे ऐकले आणि त्याच संध्याकाळी मेसवाल्याकडे जाऊन ठरवून टाकले की लसूण-कांद्याची फोडणी देण्याआधी एक वाडगा वरण बाजूला काढायचे आणि ते साडेपाचला मैदानावर पाठवायचे. त्यानंतर शिरूरचे दोघे भाऊही त्या वेळी जेवायला बसू लागले. त्यांना भूक लवकर लागे एवढेच त्यामागचे कारण. बाकीच्यांनी थट्टा केली आणि साडेआठलाच जेवले. संघातील मैत्री अशीच असते. सर्वांनी सर्वांसारखे व्हावे, असा तिचा आग्रह नसतो. एका वाडग्याची सोय झाली, म्हणजे पुरे होते.

येथे एका जुन्या नावाची आठवण होते. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या जातींची मुले एका छताखाली आणली. ती मुले एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. शंभर वर्षांपूर्वी ती गोष्ट सोपी नव्हती, विशेषतः आपल्या समाजात वाढलेल्या माणसाला तर नव्हतीच. आहाराचा नियम आणि माणसांपासूनचे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाऊरावांना उमगले होते. आपल्या अनेक घरांत अजूनही त्या दोन्ही एकाच फडताळात ठेवल्या जातात.

शिबिर दिवाळीच्या तोंडावर आले होते, आणि खरा प्रश्न तेथेच उभा राहिला. भुसार बाजाराचा तो हंगाम. त्याहून मोठे म्हणजे वहीपूजन. वडिलांनी फोनवर आवाज चढवला नाही. ते एवढेच म्हणाले, "दुकानात चार माणसे पगारी ठेवता येतात. वहीपूजनाला मुलगा पगारी ठेवता येत नाही." या वाक्याला मुलाकडे उत्तर नव्हते, आणि प्रामाणिकपणे पाहता ते वाक्य चूकही नव्हते. मुले खेळायला जातात तेव्हा पालकांना केवळ अभ्यासाची आणि संगतीची चिंता असते असे समजले जाते. व्यापारी घरात आणखी एक भीती असते, ती फारशी बोलून दाखवली जात नाही. मुलाला दुकानाबाहेर आनंद सापडला, तर तो परत येईल काय? तीन पिढ्यांनी उभे केलेले काम त्याला कंटाळवाणे वाटू लागेल काय? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

प्रशिक्षकांनी दिवाळीसाठी दोन दिवसांची सुट्टी दिली. सुरगाण्याच्या मुलास दोन दिवसांत घरी जाऊन परतणे जमण्यासारखे नव्हते. नाशिकला पोहोचायचे, तेथून पुढची गाडी मिळवायची, उतरल्यावर पायी चालायचे. एक दिवस जाण्यातच संपला असता, आणि आईवडील त्या वेळी घरी असतील याचीही खात्री नव्हती. बार्शीच्या मुलाने त्याला आपल्याबरोबर चल म्हटले. म्हणताना मनात थोडी धाकधूक होती, हे त्याने पुढे कबूल केले.

एस.टी.तून उतरून दोघे दुकानावर आले तेव्हा ज्वारीची गाडी खाली होत होती. दोन हमाल आले नव्हते. पाहुण्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली, शर्ट काढून घडी केला आणि कोणी काही म्हणण्यापूर्वी पोते पाठीवर घेतले. वडील गादीवरून उठले. "अरे, ठेव, ठेव. तू पाहुणा आहेस." मुलगा म्हणाला, "शेठ, मला येतं. आम्ही करतो." वीस पोती उतरल्यानंतर वडिलांनी स्वतः त्याच्या हातावर पाणी घातले आणि म्हणाले, "शेठ नको म्हणूस. काका म्हण." बार्शीच्या मुलाने हे पाहिले आणि दुसऱ्या बाजूने एक पोते उचलण्याचा प्रयत्न केला. आजवर त्याने पोती मोजली होती, उचलली नव्हती. ते कमरेपर्यंतही आले नाही. हमाल हसले, वडीलही हसले. संध्याकाळी वहीपूजनाला पाहुणा मागे भिंतीशी उभा होता. आजीने त्याला पुढे बोलावून कुंकू लावले. महावीर निर्वाणाचा दिवस म्हणून आजी रात्री जपाला बसली. तिने त्याला कोण, कुठला, कोणाचा, असे काहीच विचारले नाही. फक्त तुमच्याकडे काय पिकते, एवढे विचारले. नागली आणि वरई, तो म्हणाला.

संघात असणे म्हणजे मैदानावर असणे नव्हे, हे त्या वर्षी बार्शीच्या मुलाला हळूहळू कळत गेले. नऊ जण खेळतात, तिघे राखीव असतात, उरलेले सामान सांभाळतात, पाणी देतात, घड्याळ पाहतात. अजित वाडेकरांची गोष्ट क्रिकेटप्रेमी घरांतून सांगितली जाते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणितात रमलेल्या या विद्यार्थ्याच्या मनात अभियंता होण्याचे होते. कॉलेजला जाताना बसमध्ये बाळू गुप्ते यांनी त्याला विचारले, आमच्या संघात बारावा गडी होशील काय? दिवसाला ३ रुपये मिळतील असे कळल्यावर तो तयार झाला. पाणी नेण्यासाठी घेतलेला हा गडी पुढे मुंबई विद्यापीठाचा फलंदाज झाला आणि १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत भारताला कसोटी मालिका जिंकून देणारा कर्णधार ठरला. बारावे गडी सगळेच वाडेकर होत नाहीत, हे उघड आहे. तरी त्या गोष्टीतील गंमत यशाच्या आकड्यांत नसून बसच्या त्या प्रवासात आहे. मित्राने विचारले म्हणून तो गेला. एखाद्याला संघात येतोस काय असे कोणी विचारणे, ही आयुष्यात अनेकदा घडणारी गोष्ट नव्हे.

स्पर्धा राजस्थानातील एका विद्यापीठात होती. रेल्वेच्या स्लीपर डब्यात पंधरा मुलांना नऊ जागा मिळाल्या. आईने दिलेला खाकरा, शेव आणि सुकी भेळ पहिल्या चार तासांत संपली, कारण डबा उघडल्यावर तो कोणाचा राहत नाही. या प्रवासात सर्वच काही गोड होते असे नाही. साखळी सामने जिंकल्याच्या रात्री दोघातिघांनी बाहेरून बाटल्या आणल्या. बार्शीच्या मुलाला त्यांनी आग्रह केला नाही, पण त्याच्याकडे पाहून 'महाराज' अशी हाक मारली आणि ती त्याला लागली. सुरगाण्याचा मुलगा उठून त्याच्याजवळ येऊन बसला. कर्णधाराने ते पाहिले आणि बाटल्या गोळा करून खिडकीबाहेर रित्या केल्या. पालकांची चिंता निराधार नसते, हे या प्रसंगावरून म्हणावे लागेल. मात्र अशा वेळी मुलाच्या शेजारी कोण येऊन बसते, यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि तो शेजारी घरात कोंडून ठेवल्याने मिळत नाही.

उपउपांत्य सामना कार्तिक शुद्ध चतुर्दशीला आला. चौमासी चौदस. त्या दिवशी उपवास करण्याचा त्याचा लहानपणापासूनचा नेम होता. आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकांना हे कळले आणि ते संतापले. "उद्या जिंकलो तर अखिल भारतीय. उद्या हरलो तर घरी. आणि तू उपाशी खेळणार?" त्यांचेही चूक नव्हते. मुलाने बार्शीस फोन लावला. आजीने सगळे ऐकून घेतले. ती म्हणाली, "व्रत तुझं एकट्याचं आहे. खेळ बाकीच्या अकरांचा आहे. पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवलेत? उद्या बियासणं कर, उपवास पुढच्या चौदशीला कर. आणि मला हे आधी का नाही विचारलंस?" नवकारसी पाळून सकाळी त्याने पोटभर नाश्ता केला. सामना अकरा वाजता होता. धर्मातील नियम ज्यांनी आयुष्यभर पाळले आहेत, त्यांना ते कोठे आणि कसे वाकवावेत हेही ठाऊक असते. वाद घालतात ते बहुधा नियमांची नवलाई असलेले. हा प्रश्न प्रशिक्षकांशी भांडून सुटला नसता, आणि लपवूनही सुटला नसता.

सामना गुजरातच्या एका विद्यापीठाशी होता. मध्यंतराला दोन्ही संघ बरोबरीत होते. शेवटच्या आक्रमणात बरोबरीसाठी एक गडी आणि विजयासाठी दोन गडी हवे होते, आणि घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. सुरगाण्याच्या मुलाने खांबाकडे एकाला असे कोंडले की त्याला निसटायला एकच वाट राहिली, ती बार्शीच्या मुलाच्या चौकासमोरून. त्याने हात पुढे केला. बार्शीच्या मुलाच्या पाठीला स्पर्श झाला, तो उसळून उठला, आणि पंचांची शिट्टी वाजली. 'खो'चा उच्चार होण्यापूर्वी उठल्याचा नियमभंग. नियमाप्रमाणे आक्रमणाला उलट दिशेने जावे लागले, तेवढ्यात संरक्षक दुसऱ्या टोकाला पोहोचला होता, आणि वेळ संपला. एका गुणाने पराभव.

मैदानाबाहेर येताच बार्शीच्या मुलाने, सर्वांच्या देखत, सुरगाण्याच्या मुलाला म्हटले, "तू 'खो' उशिरा म्हणालास." तो काही बोलला नाही. त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट पिशवीत टाकले आणि अनवाणी खोलीकडे निघून गेला.

त्या संध्याकाळी मुलाने आसन अंथरले, तोंडाला मुहपत्ती बांधली आणि आजीने दिलेल्या पुस्तिकेतून चौमासी प्रतिक्रमण सुरू केले. खोलीत कोणी बोलत नव्हते. खामणाचा पाठ आला. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा त्याने दरवर्षी मागितली होती, आणि ती मागणे कधीच जड गेले नव्हते. त्यांतील एक जीव तीन हातांवर, भिंतीकडे तोंड करून, शेजारच्या खाटेवर पडला होता. पुस्तिका संपली. तो बराच वेळ आसनावरून उठला नाही. मग उठून त्याने त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्."

तो दचकून उठला. "काय झालं? घरी सगळं बरं आहे ना? आजी?"

अर्थ समजावून सांगावा लागला. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी उशिराच म्हणालो असेन. दम लागला होता." बार्शीचा मुलगा म्हणाला, "नाही, मीच आधी उठलो." यावर त्या दोघांचे आजही एकमत झालेले नाही. संघातील इतरांना हा वाद इतका परिचयाचा झाला आहे की कोणाच्या लग्नात ते दोघे भेटले की तो मुद्दाम उकरून काढला जातो.

जैन प्रतीकाच्या तळाशी एक सूत्र लिहिलेले असते. स्थानकांच्या भिंतींवर, वह्यांच्या मुखपृष्ठांवर, लग्नपत्रिकांवरही ते छापले जाते. जीवांचे जीवन परस्परांच्या आधारावर उभे आहे, असा त्याचा आशय. साधर्मिकांसाठी आपला समाज पुष्कळ करतो. त्यांची मुले शिकवतो, त्यांना भांडवल देतो, परगावी उतरायला जागा देतो. पण त्या सूत्रात साधर्मिक हा शब्द नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी या जून-जुलैत एखादा मुलगा वा मुलगी महाविद्यालयाच्या मैदानावर जाण्याची परवानगी मागेल. मुलींच्या बाबतीत परवानगी अधिक कठीण असते, आणि मुक्कामाची व बरोबर येणाऱ्या महिला व्यवस्थापकांची चौकशी करणे हा पालकांचा हक्कच आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची मर्यादा पंचविशीची असते. म्हणजे ही संधी चार-पाच वर्षांची. दुकान त्यानंतर चाळीस वर्षे आहेच. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत, असेही कोणी सांगेल. व्यापारी घरांना त्याचे फारसे आकर्षण नसावे, आणि त्यासाठी खेळू नये हेच बरे. परवानगी देण्यापूर्वी एकदा सरावाच्या वेळी मैदानावर जाऊन उभे राहावे. प्रशिक्षकांशी बोलावे. आहाराचे नियम मुलाने लपवू नयेत, यासाठी ते आपणच पहिल्या दिवशी मोकळेपणाने सांगावेत. बार्शीच्या वडिलांनी हे केले नव्हते. त्यांनी आपल्या मुलाला खेळताना प्रथम पाहिले ते तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हाही दहा मिनिटांत निघायचे ठरवून आलेले ते सामना संपेपर्यंत उभेच होते.

पदवीनंतर मुलगा बार्शीला परतला. दुकान त्याने घेतले, आणि आनंदाने घेतले. पोते उचलायलाही तो शिकला. सुरगाण्याचा मुलगा शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन एका आश्रमशाळेत मुलांना खो-खो शिकवू लागला. पगार अपुरा आणि अनियमित होता. एके दिवशी त्याचा फोन आला. धाकट्या बहिणीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता, ४०,००० रुपये भरायचे होते, मुदत चार दिवसांची होती. फोनवर तो तीनदा थांबला. उसने हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा बार्शीच्या मुलाला आजोबांचा नियम आठवला.

रात्री त्याने वडिलांना सांगितले. वडिलांनी चष्मा काढून पुसला. "कोणत्या खात्यात लिहायचे?" त्यांनी विचारले. उधारीत लिहिले असते तर तो ग्राहक झाला असता. दानात लिहिले असते तर तो याचक झाला असता. आजोबा तोवर हयात नव्हते, आजी पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "घरखर्चात लिही." त्याप्रमाणे लिहिले गेले.

सुरगाण्याचा मुलगा विसरणाऱ्यांतला नव्हता. पुढच्या मार्गशीर्षात बार्शीच्या दुकानी नागलीची तीन पोती उतरली, मागून वरईचे एक. बरोबर चिठ्ठी, की हे हिशेबात धरावे. वडिलांनी माल स्वतः काट्यावर घातला, त्या दिवसाच्या बाजारभावाने रक्कम काढली, एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही, आणि पावती टपालाने पाठवली. मुलाला वाटले, भाव थोडा चढा लावायला हवा होता. वडील म्हणाले, "तसे केले असते तर त्याला कळले असते." चार वर्षे असे चालले. नागली शहरात खपू लागली होती, तिचे गिऱ्हाईकही वाढले होते. चौथ्या वर्षी वडिलांनी शेवटची पावती केली आणि खाली 'बाकी काही नाही' असे लिहून सही केली.

पाचव्या वर्षी मार्गशीर्षात पुन्हा नागलीचे पोते आले. चिठ्ठी नव्हती. वडिलांनी ते काट्यावर घातले नाही. आजीसाठी त्यातली पायलीभर नागली निवडून दळायला गेली, उरलेली घरातल्या कोठीत ठेवली गेली. त्या पोत्याची नोंद दुकानाच्या कोणत्याही वहीत नाही.